मशीनची सवय

सात रस्ता, सोलापूर
१३ जून २०२५

अण्णा,

शरणार्थी. थोरल्यांना असाच नमस्कार लिहायचा असं अव्वानं शिकवलंय म्हणून लिहिते, मनातून नाही.

कारहुणवीचा सण झाल्यापासून तू फोनवर फोन करतोयस. मी उचललेला नाही आणि उचलणारही नाही. फोनवर तू मधेच ओरडतोस, मग समोरच्यानं काय सांगायचं ते राहूनच जातं. पत्रावर ओरडून उपयोग नाही. फाडायचं तर फाड, मी दुसरं पाठवीन. माझ्या मॅचिंग सेंटरात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लिहायला मला वेळच वेळ आहे.

तर हो, विहिरीतल्या कासवाला, आपल्या मुत्याला, मीच नेलं. निंगप्पाकाकांवर डाफरू नकोस, त्या म्हाताऱ्याला काही माहीत नव्हतं. तुम्ही सगळे बैल मिरवायला वेशीकडं गेलात आणि मी विहिरीच्या पायऱ्या उतरले. अव्वा कानडीत बोलवायची तसं "बा मुत्या, बा" म्हटलं. एवढी वर्षं झाली, तरी हाक ओळखली त्यानं. पण यप्पा, काय दशा करून ठेवलीयस! एका अंगावर कलंडून तरंगत होता बिचारा. पाय मारतोय, पण सरळ होता येईना.

बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्यात उरलेला ऑइलपेंट तू दर कारहुणवीला त्याच्या पाठीवर फासतोस. "त्येचाबी सण हाय की!" म्हणतोस, आणि सगळं गाव खिदळतं. यंदा तर चंदेरी लावलास आणि मोबाइलवर व्हिडिओ करून टाकलास. बैलाचं शिंग तासता येतं रे, दरवर्षी नवा हात देता येतो. कासवाची पाठ कोण तासणार? लालवर हिरवा, हिरव्यावर चंदेरी, असे थरावर थर चढलेत. कडेचा एक पोपडा मी नखानं काढला तर खालून पांढरा चुरा पडला आणि कुजका वास आला. आपल्या विहिरीचा धनी म्हणून त्याला नारळ फोडता ना? त्या धन्याची पाठ जिवंतपणी सडवलीत तुम्ही.

आणि आणखी एक ऐक. त्याला न्यायला बादली हवी होती म्हणून मी गोठ्याच्या माळ्यावर चढले. रंगाच्या डब्यांमागं पोत्यात गुंडाळलेलं काय सापडलं, सांगू? अव्वाचं दम्याचं वाफेचं मशीन. मी घेऊन दिलेलं. तू मला सांगितलं होतंस की ते बिघडलंय आणि अक्कलकोटला दुरुस्तीला टाकलंय. अव्वा, आपली आई, गेली त्या दिवशीही हेच सांगितलंस, रडत रडत.

घरी आणलं, पुसलं आणि प्लग लावला. पहिल्या झटक्यात घर्रर्र करून सुरू झालं. त्याला काहीही झालेलं नव्हतं, अण्णा. तू ते लपवलं होतंस.

दानेश्वरी


सोलापूर
२ जुलै २०२५

अण्णा,

काकांकडून निरोप मिळाला. "दानीला म्हणावं, मुकाट्यानं कासव आनून सोड, न्हायतर मी पोलिसात जाईन." जा की! खुशाल जा. विहिरीत कासव पाळलं होतं आणि त्याला ऑइलपेंट देत होतो, असं तोंडानं सांग त्यांना. रानातलं कासव घरी ठेवणं हा गुन्हा आहे, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मलाही गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. डॉक्टर सोनालींनी पहिल्याच दिवशी त्यापायी काही कागद केले. कसले, ते तुला कळायची आत्ता गरज नाही.

या डॉक्टर म्हणजे जनावरांच्या, माझ्या गिऱ्हाईक. अस्तराचं कापड न्यायला येतात म्हणून ओळख. मुत्याला बघितलं आणि त्यांनी आधी टेबल मोकळं केलं. मग रंग काढायला बसल्या. घासून, भिजवून, चिमट्यानं एकेक पोपडा उचलून. मी समोर बसून त्याचं तोंड धरलं होतं. खालचं कवच ओल्या पापडासारखं झालं होतं. बुरशी आहे म्हणाल्या. रंगाखाली ओल कोंडली, ऊन लागेना, त्यात ती आरामात वाढली. आणि तो कलंडतोय त्या अर्थी एका बाजूच्या फुप्फुसातही गेली असणार.

वरून मलम लावून आतलं जात नाही. तोंडातून औषध द्यावं तर स्वारी मान आत ओढून बसते. म्हणून त्यांनी ठरवलं की औषध श्वासातून द्यायचं. बुरशीवरचं औषध बारीक धुक्यासारखं करून सोडायचं, ते फुप्फुसात जाईल आणि रक्तातून कवचापर्यंत पोचेल. "असं इथं कुणी केलेलं मी पाहिलं नाही, बाहेरच्या देशांतलं वाचलंय. जगेल असा शब्द देत नाही," एवढं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग म्हणाल्या, यासाठी मशीन लागेल, माणसांना दम्याला देतात तसलं.

अण्णा, मी हसले. दवाखान्यात सगळ्यांसमोर वेड्यासारखी हसले.

आता रोज दुकान बंद करून अव्वाचं मशीन घेऊन दवाखान्यात जाते. झाकणाच्या मोठ्या डब्यात मुत्याला ठेवायचं, झाकणाच्या भोकातून नळी आत सोडायची आणि बटण दाबायचं. डबा पांढऱ्या धुक्यानं भरतो, मुत्या दिसेनासा होतो. आणि गंमत सांगू? तो श्वासच घेत नाही! कासवाला लई वेळ श्वास रोखता येतो. नाकपुड्या मिटून बसतो, डोळे वटारून. डॉक्टर म्हणतात, थांबा, कधीतरी घेईलच. आम्ही दोघी डब्याकडं बघत बसतो. शेवटी मान बाहेर येते, गळा हलतो, आणि डॉक्टर मांडीवर थाप मारतात, "घेतला!"

हट्टी आहे. आपल्या घरचाच आहे ना.

तू म्हणायचास, "मशीनची सवय लागती. येकदा लागली की सुटत न्हाय." मुत्याला लागू दे सवय. माझी काही हरकत नाही.

दानेश्वरी


सोलापूर
२९ जुलै २०२५, पंचमी

अण्णा,

पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. गल्लीत सकाळपासून गाड्या लागल्यात, लेकी पिशव्या घेऊन चालल्यात. तू येणार नाहीस हे माहीत होतं आणि आला असतास तर मी दार उघडलं नसतं. तरी दोनदा खिडकीत गेले. याचा मला संताप आला, म्हणून आज लिहायला बसले.

तुझं पत्र आलं. चक्क तू पत्र लिहिलंस! विहिरीचं पाणी हिरवं पडलंय, लोक म्हणतात धनी गेला म्हणून असं झालं, शेजारची माणसं पाणी न्यायची बंद झाली, घराण्याला कमीपणा आला. पानभर घराणं. अव्वाचं नाव शोधलं मी त्यात, एकदाही नाही.

मग मीच आठवण करून देते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात अव्वा माझ्याकडं होती. इथल्या डॉक्टरनं मशीन लिहून दिलं आणि ती माणसात आली. सकाळी मशीन घ्यायची आणि दुकानात येऊन बसायची, ब्लाउजपीसच्या घड्या घालायची, गिऱ्हाइकाशी कानडीत भांडायची. जिना चढताना गाणं म्हणायची, अण्णा. आणि तू आलास. "लेकीच्या घरी आई ऱ्हाती म्हनून गाव मला हसतंय. मी काय मेलोय का?" असं भर दुकानात म्हणालास. नवऱ्याला सोडून आलेली बहीण आधीच तुझ्या डोळ्यांत खुपत होती, त्यात आईही तिच्याकडं. अव्वानं काही न बोलता पिशवी भरली. जाताना माझ्या हातात तिच्या अन्नाचे पैसे कोंबले, लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये म्हणून. मी मशीन बांधून दिलं आणि वैनींना सगळं दाखवलं.

त्यानंतर काय झालं ते मला शरणम्मावैनींनी सांगितलं. त्यांच्यावर हात उगारशील तर बघ! मशीनच्या आवाजानं तुझी झोप मोडायची. लोक विचारायचे, कसला आवाज येतोय? तू म्हणालास सवय लागती, आणि उचलून ठेवलंस. अव्वा रोज विचारायची. तू रोज म्हणायचास, "उद्या बगू." वैनी म्हणाल्या, शेवटच्या पहाटे तिच्यात बोलायचीही ताकद नव्हती, तिनं नुसतं बोट नळीसारखं नाकाशी धरून दाखवलं. आणि तू तिला काढा उकळून द्यायला सांगितलंस.

आता माझी अट. मुत्या तुला हवा ना? श्रावण चालू आहे. सोमवारी मठात भजन झालं की सगळ्या गावासमोर उभा राहा आणि म्हण, "अव्वाचं मशीन बिघडलं नव्हतं, मी लपवलं होतं." एवढंच. नाटक नको, रडणं नको. तू हे म्हटलंस की मुत्या बरा झाल्यावर तुझ्या विहिरीत येईल. शब्द देते.

मुत्या जेवायला लागलाय. पालक खातो. कलंडणं अजून आहे.

दानेश्वरी


सोलापूर
१२ ऑगस्ट २०२५

अण्णा,

काकांचा फोन आला. तू काल मठात उभा राहिलास आणि म्हणालास, "आईच्या शेवटच्या दिवसात माझ्याकडनं थोडी हयगय झाली, मोठ्या मनानं माफी असावी." लोकांनी माना डोलावल्या म्हणे. कुणीतरी तुझ्या पाठीवर हातही ठेवला. किती गुणी मुलगा, असं झालं असेल सगळ्यांचं.

हयगय म्हणजे गॅसवर दूध राहून उतू जातं ती. तू पोत्यात गुंडाळलंस, माळ्यावर चढलास, डब्यांच्या मागं सरकवलंस आणि वर माझ्याशी खोटं बोललास. हे सगळं करायला माणसाला मेहनत लागते.

मला हे चालणार नाही. पुढचा सोमवार श्रावणातला शेवटचा आहे. मी सांगितले तेच शब्द म्हणायचे. मशीन, लपवलं, मी. नाही म्हणालास तर मुत्याचं तोंड तुला परत दिसणार नाही, आणि मी स्वतः गावात येऊन मठाच्या पायरीवर मशीन मांडून सगळ्यांना सुरू करून दाखवीन. मी येईन, तू मला ओळखतोस.

काका म्हणत होते, बोलताना तुला सारखा ठसका लागत होता. लागू दे.

दानेश्वरी


सोलापूर
१९ ऑगस्ट २०२५

अण्णा,

कळलं. तेच शब्द म्हणालास. काकांनी फोन चालू ठेवला होता, मी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकलं. काकांनी सांगितलं, तू थांबलास तेव्हा या वेळी कुणी पाठीवर हातही ठेवला नाही. मग बसव्वा मावशीचा आवाज आला, "माझी भन तडफडून मेली रे, शंकऱ्या!" आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मुत्या बरा झाला की कळवते.

दानेश्वरी


सोलापूर
२४ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

काल भाऊबीजेला तू न सांगता दवाखान्यात आलास. तुला पत्ता वैनींनी दिला, हे मला माहीत आहे. तेव्हा फारसं बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

जिना एवढासा, तरी तू मधे दोनदा थांबलास. मी वरून बघत होते. कठडा धरून, खांदे वर ओढून, तोंड उघडं टाकून उभा होतास. अव्वा तिच्या शेवटच्या वर्षी अशीच उभी राहायची. वैनींनी आधीच फोनवर सांगितलं होतं की ह्यांना आडवं पडून झोपता येईना, डॉक्टरनं मशीन लिहून दिलंय, पण हे घेईनात. कसं घेशील? सगळ्या गावाला तू सांगून बसलायस की मशीनची सवय लागती. आणि आता तर मशीनचं नाव काढलंस तरी लोक एकमेकांकडं बघत असतील.

तू आलास तेव्हा मुत्या डब्यात होता. मशीन सुरू होतं. दारातच तू थिजलास. डॉक्टरांना वाटलं तू कासव बघून हळवा झालास. त्यांनी बिचारीनं तुला स्टूल दिलं, सगळं समजावून सांगितलं, जुन्या कवचाच्या खाली नवं कसं धरलंय, आता पाण्यात सरळ कसा पोहतो. तू त्यांच्याकडं बघतही नव्हतास. तुझं लक्ष त्या आवाजाकडं होतं. मुत्यानं मान काढून निवांत श्वास घेतला, त्याला आता रोखून धरायची गरज वाटत नाही. आणि स्टुलावर तुझ्या छातीतून शीळ वाजत होती. दोन्ही आवाज मला स्पष्ट ऐकू येत होते.

मी उठून तुला पाणी दिलं नाही. ओवाळलंही नाही. देता आलं असतं, मुद्दाम दिलं नाही.

जाताना तू विचारलंस, "मुत्याला कदी देनार, दानी?" लहानपणी हाक मारायचास तशी हाक मारलीस. मी म्हटलं, "उद्या बघू."

तू चपला घालता घालता थांबलास. तुला ते बरोबर लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

दानेश्वरी


सोलापूर
१७ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

अव्वाला जाऊन वर्ष झालं. या पत्रासोबत एक पार्सल आहे, ते आधी उघडू नकोस. आधी हे वाच.

मुत्या तुला मिळणार नाही. काल त्याला भीमेत सोडलं. वनखात्याची माणसं होती, डॉक्टर सोनाली होत्या, मी होते. जूनमध्ये पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी जे कागद केले ते याचेच, की उपचार संपले की हा नदीत जाईल. म्हणजे पंचमीला मी तुला शब्द दिला तेव्हाच मला माहीत होतं की तो खोटा आहे. तू मठात उभा राहिलास तेव्हाही माहीत होतं. अव्वाला तू सांगायचास ना, दुरुस्तीला दिलंय, येईल, उद्या येईल? ती दाराकडं डोळे लावून बसायची. तूही श्रावणापासून बसलास. कसं वाटतं ते तुला कळावं एवढीच माझी इच्छा होती.

त्याच्या पाठीवर रंगाचा ठिपकाही राहिलेला नाही. खड्डे राहिलेत, ते राहणारच म्हणाल्या डॉक्टर. पण कवच टणक झालंय, टिचकी मारली तर दगडासारखं वाजतं. काठावर ठेवला तर जरा वेळ मान काढून वास घेत बसला. मी "बा मुत्या" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर परत आला असता. मग पाण्यात शिरला आणि सरळ गेला, कुठंही न कलंडता. मी तिथं चिखलात बसून ओक्साबोक्शी रडले. मुत्यासाठी नाही. अव्वा गेली तेव्हा तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणून कोंडून ठेवलं होतं, ते सगळं काल निघालं.

वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, कासव कुठल्या विहिरीतलं, रंग कुणी दिला? तुझं नाव मी अजून सांगितलेलं नाही. यातला 'अजून' नीट वाच. पुढच्या कारहुणवीला उरलेला रंग बैलांच्या शिंगांनाच लाव.

आता पार्सल. काल रात्री वैनींनी रडत फोन केला. तुझी नखं निळी पडलीत म्हणाल्या, आणि तू काढा पितोयस. तू मेलास तर माझं काही अडणार नाही, असं मी त्यांना म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं नाही. तू असा सुटून जावंस, हे मला नको आहे.

पार्सलमध्ये अव्वाचं मशीन आहे. मास्क, नळी, औषधाची वाटी सगळं नवं घातलंय, मुत्याचं उष्टं नाही. औषध तुझ्या डॉक्टरनं लिहून दिलेलंच घाल, कसं घालायचं ते वैनींना माहीत आहे. मी एकदा शिकवलं होतं. हे माफ केलं म्हणून पाठवत नाही, तसा गैरसमज करून घेऊ नकोस आणि गावातही सांगत फिरू नकोस. नवं विकत आणशील तर मला चालणार नाही. हेच वापरायचं. रोज सकाळी आणि रोज झोपताना, अव्वाच्या खोलीत बसून.

आवाज तोच आहे. ज्यानं तुझी झोप मोडायची, ज्यासाठी तू ते पोत्यात गुंडाळलंस, तोच. मास्क लावला की बोलता येत नाही, अण्णा. मधेच ओरडता येत नाही. वाटीतलं औषध संपेपर्यंत नुसतं ऐकत बसावं लागतं.

दानेश्वरी